अरे, आवाज कुणाचा?

आपण ज्याला सायलेन्सर म्हणतो त्याला अमेरिकेत मफलर म्हणतात. इथे आल्यावर हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा डोळ्यांसमोर गाडी आलीच नाही. डिसेंबरातल्या सकाळी कानाला मफलर गुंडाळून सारसबागेत फिरायला निघालेले आजोबा आले. पण विचार केला तर अमेरिकन शब्द जास्त प्रामाणिक आहे. सायलेन्सर कधीच पूर्ण शांतता करत नाही. तो इंजिनाच्या गळ्याभोवती काहीतरी गुंडाळतो, एवढंच. किती जाड गुंडाळायचं हा खरा प्रश्न.

आणि जुन्या स्पोर्ट्स कारला बाजूने पाइप लावणारी मंडळी या प्रश्नाचं उत्तर हमखास चुकीचं देतात. काही जण तर प्रश्नच ऐकत नाहीत, कारण ऐकू येण्यासारखं काही उरलेलं नसतं. (आज डोकं जरा तापलेलं आहे, सांभाळून घ्या.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साध्या गाडीचा धूर इंजिनापासून गाडीच्या पोटाखालून मागे जातो आणि मागच्या बंपरखाली बाहेर पडतो. साइड पाइपमध्ये तो पुढच्या चाकाच्या मागून बाहेर येतो, दाराखालून आडवा जातो आणि मागच्या चाकाच्या अलीकडे सोडला जातो. दोन्ही बाजूंना एकेक जाडजूड पाइप. शर्यतीच्या गाड्यांत याचं कारण सरळ होतं: लांबी कमी, वजन कमी, पोटाखाली अडचण नाही. रस्त्यावरच्या गाड्यांत ही फॅशन गाजवली ती दोन गाड्यांनी, शेल्बीची ४२७ कोब्रा आणि शेवरलेची कॉर्व्हेट स्टिंग रे. कोब्रा मुळात बनल्या काही शे, त्यामुळे रस्त्यावर दिसते ती बहुतेक वेळा नक्कल असते. कॉर्व्हेटचं तसं नाही. तिला हे पाइप खुद्द कारखान्यातून मिळायचे, १९६५ पासून, एन-१४ नावाच्या पर्यायाखाली. १९६६ मध्ये त्याची किंमत होती १३१ डॉलर ६५ सेंट.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो हापिसातल्या एका सहकाऱ्यामुळे. आमच्या टीममधला सगळ्यात ज्येष्ठ माणूस. मी त्याला मनातल्या मनात काका म्हणतो. तोंडावर नाव घेऊन 'अरे-तुरे' चालतं, पण संस्कार कुठे जाणार! काका मिझूरीचे, आणि त्यांच्याकडे आहे १९६६ची स्टिंग रे, त्यांच्याच राज्यात सेंट लुईसच्या कारखान्यात बनलेली. ३२७ घन इंचांचं इंजिन, चार गिअर, कारखान्याचे साइड पाइप. ते पाइप आता गंजून चाळणी झालेत आणि नवीन घ्यायचेत. काकांनी मला विचारलं, कारण मी चार वर्षं मेकॅनिकल शिकून आता जावा लिहितो, म्हणजे दोन्ही विषयांत मी निरुपद्रवी आहे. :-)

तर एका शनिवारी काकांबरोबर स्कायलाइनवर गेलो. सनीवेलहून निघालं की वर डोंगरात, वुडसाइडच्या पुढे चौफुलीवर एक जुनं रेस्तराँ आहे, तिथे वीकांताला बाइकवाले आणि जुन्या गाडीवाले जमतात. तिथे काकांना सल्ला द्यायला डझनभर माणसं गोळा झाली आणि सगळ्यांचा सल्ला एकच: आतलं सगळं काढून टाक. सरळ नळी घाल. श्वास घेऊ दे गाडीला. एकाने तर स्वतःची गाडी चालू करून दाखवली. शेजारच्या टेबलावर एक बाई बाळाला भरवत होत्या. बाळ दचकून रडायला लागलं, बाईंनी मान वर करून बघितलं, आणि गाडीवाला खूश होऊन हात हलवत होता. त्याला वाटलं दाद मिळाली.

माझा राग या माणसावर आहे. गाडीवर नाही, पाइपवर तर अजिबात नाही. उलट माझं म्हणणं असं की या पाइपात जे खरोखर ऐकण्यासारखं आहे, ते हा माणूस मारून टाकतो.

कसं ते सांगतो. शेवरलेच्या या व्ही-८ इंजिनात सिलिंडर पेटण्याचा क्रम असतो १-८-४-३-६-५-७-२. विषम आकड्यांचे चार सिलिंडर डाव्या बाजूला, सम आकड्यांचे उजव्या. आता याला ८ मात्रांचं आवर्तन समजा. क्रम लावून बघा: डावा पाइप बोलतो १, ४, ६ आणि ७ या मात्रांवर. उजवा बोलतो २, ३, ५ आणि ८ वर. आठ मात्रा अगदी सारख्या अंतराने पडतात, पण कुठल्याही एका बाजूला उभं राहिलं तर ठेका लंगडा ऐकू येतो. एक मोठी फट, मग मध्यम, मग दोन ठोके अगदी लागोपाठ, मग पुन्हा मध्यम. अमेरिकन व्ही-८ ची ती सुप्रसिद्ध गुरगुर म्हणजे हा असमान ठेका.

साध्या गाडीत दोन्ही बाजूंचे पाइप पोटाखाली जवळ येतात. त्यांच्यामध्ये बऱ्याचदा एक आडवी नळी जोडतात, म्हणजे दोन्हीकडचे ठोके एकमेकांत मिसळून आवाज सपाट होतो. साइड पाइपमध्ये दोन बाजू गाडीच्या रुंदीएवढ्या लांब, त्या कधी भेटतच नाहीत. फोर्डच्या जीटी-४० मध्ये इंजिन मागे होतं, तिथे इंजिनिअरांनी नळ्या सापांच्या गुंत्यासारख्या एकमेकींवरून ओलांडून प्रत्येक बाजूचा ठेका समान केला. कॉर्व्हेटमध्ये तशी जागा नाही. म्हणून साइड पाइपची कॉर्व्हेट म्हणजे दोन तबलजी, दोघं गाडीच्या दोन टोकांना, आणि प्रत्येकाकडे अर्धाच ताल.

हा ताल ऐकू यायचा तर ठोके सुटे राहायला हवेत. आतलं सगळं काढून टाकलं की प्रत्येक ठोक्याच्या टोकाला तीक्ष्ण कर्कश आवाज चिकटतो, आणि ऐकणाऱ्याच्या कानात ठेका न पोचता नुसता फटका पोचतो. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर सिग्नल वाढवण्याच्या नादात सगळं नॉइज झालं. गणपतीत ढोल-ताशाचं पथक आणि डीजेची भिंत यांत जो फरक, तोच.

आता मुख्य मुद्दा. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो. त्याला ऐकू येतो डावा पाइप, तोही पुढे जाता जाता, वाऱ्याबरोबर मागे राहणारा. फुटपाथ उजवीकडे. तिथल्या माणसाला ऐकू येतो उजवा पाइप, थेट त्याच्या दिशेने, आणि बाबागाडीतल्या मुलाच्या तर जवळपास तोंडासमोर. म्हणजे गाडीचा मालक ज्या आवाजाच्या प्रेमात पडलेला असतो आणि रस्त्यावरचे लोक जो आवाज सहन करतात, ते दोन वेगळे आवाज आहेत. अक्षरशः वेगळे, वेगळ्या मात्रांचे! मागे धूर सोडणाऱ्या गाडीत निदान दोघांना साधारण एकच गोष्ट ऐकू येते. साइड पाइपवाल्याला आपण लोकांना काय देतो हे सीटवर बसून कधीच कळत नाही. म्हणून साइड पाइपचा मफलर सीटवर बसून निवडायचा नसतो. फुटपाथवर उभं राहून निवडायचा असतो.

यावर मला स्कायलाइनवर जी उत्तरं मिळाली ती एकेक करून घेतो.

पहिलं उत्तर, ताकद. मफलर काढला की हॉर्सपॉवर वाढते म्हणे. वाढते, पण कधी? इंजिन पूर्ण उघडं, वरच्या फेऱ्यांवर असताना. २८० हायवेवर ताशी ६५ मैलांनी जाताना इंजिन आपल्या ताकदीचा छोटासा हिस्सा वापरत असतं. तिथे मफलरने अडवण्याइतका धूरच नसतो. शिवाय ज्या जुन्या आकड्यांची लोक पूजा करतात, १९६५च्या ३९६ इंजिनाचे ४२५ हॉर्सपॉवर वगैरे, ते आकडे 'ग्रॉस' पद्धतीचे होते. इंजिन टेस्ट स्टँडवर ठेवून, गाडीचे सायलेन्सर न लावता मोजलेले. अमेरिकन कंपन्यांनी १९७२ मध्ये 'नेट' आकडे द्यायला सुरुवात केली आणि सगळ्यांची ताकद रातोरात उतरल्यासारखी दिसली. बेंचमार्कवर धावणारा कोड आणि प्रॉडक्शनमधला कोड यांतला फरक ज्याला कळतो त्याला हे वेगळं समजावायला नको. आणि जाड नळी म्हणजे जास्त ताकद हेही अर्धसत्य. नळी गरजेपेक्षा जाड केली की वायूचा वेग पडतो, आणि आधीच्या ठोक्याने पुढच्याला ओढून घ्यायचा फायदा खालच्या फेऱ्यांवर कमी होतो. आपण चालवतो ते खालच्या फेऱ्यांवरच.

दुसरं उत्तर, सुरक्षितता. 'मोठा आवाज जीव वाचवतो' हे इथल्या बाइकवाल्यांचं लाडकं वाक्य. अहो, पण तुमच्या अंगावर येणारी गाडी बहुतेक वेळा समोरून किंवा चौकात आडवी येते, आणि तुमचा पाइप बाजूला आणि मागे तोंड करून ओरडतो. ज्याने ऐकायला हवं तो सोडून बाकी सगळ्यांना ऐकू जातं. हॉर्न नावाची वस्तू त्यासाठीच आहे.

तिसरं उत्तर जरा वजनदार आहे, म्हणून त्याला मान देऊन बोलतो. ते म्हणजे अस्सलपणा. कारखान्याच्या साइड पाइपला वेगळा मफलर नव्हताच. लांब पाइपच्या आतच ठरावीक अंतराने आवळलेले भाग आणि त्यांच्यामध्ये कप्पे, एवढंच, आणि वरून ॲल्युमिनियमचं खाचांचं आवरण. गाडी तेव्हाही मोठ्यानेच बोलायची. खरं आहे. पण अस्सलपणाच काढायचा तर पुढचे आकडेही बघा. १९६५ मध्ये २३,५६२ कॉर्व्हेट बनल्या, साइड पाइप घेतले ७५९ जणांनी. १९६६ मध्ये २७,७२० पैकी ३,६१७. १९६७ मध्ये २२,९४० पैकी ४,२०९. १९६८ ला हा पर्याय नव्हताच. १९६९ ला परत आला तेव्हा ३८,७६२ पैकी ४,३५५. म्हणजे ज्या काळाच्या नावाने आपण उसासे टाकतो, त्या काळातल्या बहुतेक गिऱ्हाइकांनी १३१ डॉलर वाचवले आणि धूर मागून सोडला. १९६३च्या दुभंगलेल्या मागच्या काचेच्या कूपेला साइड पाइप लावून कुणी अस्सलपणाच्या गप्पा मारल्या तर त्याला नम्रपणे सांगा की त्या वर्षी हा पर्याय यादीतच नव्हता. आणि ज्यांच्या गाडीला तो मूळचा आहे, त्यांचे कप्पेही मूळचे आहेत. ते कापून सरळ नळी घालणं हा अस्सलपणा कसा?

चौथं उत्तर, माझी गाडी, माझे पैसे. इथे मात्र वाद संपतो, कारण पैसे तुमचे असले तरी हवा सामायिक आहे. डेसिबलचं मोजमाप लॉगरिदमचं असतं हे आपण अकरावीत शिकलो आणि बारावीत विसरलो. १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहा पट. अमेरिकेतली कामाच्या जागेच्या आरोग्याची संस्था, निऑश, सांगते की ८५ डेसिबलला दिवसात ८ तास चालतील. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ९४ ला एक तास. १०० ला पंधरा मिनिटं. गेलेलं ऐकणं परत येत नाही. आतल्या कानातल्या त्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि कुठला सर्व्हिस पॅकही निघत नाही. स्कायलाइनवर जमलेल्या त्या डझनभर सल्लागारांशी बोलताना मला प्रत्येक वाक्य दोनदा म्हणावं लागत होतं. आधी वाटलं माझ्या उच्चारांचा दोष. मग लक्षात आलं की ते एकमेकांनाही 'काय?' 'काय?' करत होते.

कायद्याचंही सांगून टाकतो. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना धुराच्या तपासणीतून सूट आहे. आवाजातून नाही. साध्या मोटारींना ९५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि मफलरला बगल देणारी झडप वगैरे लावायला सरळ मनाई. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांत, १९८९च्या, नियम १२० सायलेन्सर सक्तीचा करतो. तरीही बुलेटला 'फटाका' बसवणारे नग कर्वे रोडवर रात्री अकराला आपण सगळ्यांनी ऐकलेले आहेत. महाराष्ट्रात पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांची रांग मांडून त्यावर रोडरोलर फिरवल्याच्या बातम्या येतात, आणि लोक टाळ्या वाजवतात. टाळ्या वाजवणाऱ्यांना बुलेटचा मूळचा शांत, जड ठेका कसा होता हे आता आठवतही नसेल. चार फटाकेवाल्यांनी त्या बिचाऱ्या इंजिनाची बदनामी करून ठेवली. जुन्या कॉर्व्हेटवाल्यांनी हे लक्षात ठेवावं. नियम कडक होतात तेव्हा ते शहाण्या मालकालाही लागू होतात.

बरं, नुसती टीका नको. काय घ्यावं ते सांगतो.

गाडी १९६५-६७ ची आणि साइड पाइप कारखान्याचे असतील तर प्रश्नच नाही: कप्प्यांचेच पाइप घ्या, तसेच नवीन बनवलेले मिळतात. ३२७ सारख्या लहान इंजिनाला अडीच इंच म्हणजे डोक्यावरून पाणी. मोठ्या इंजिनाचा पाइप केवळ दिसतो म्हणून घेऊ नका.

साइड पाइप नंतर लावलेले असतील तर तुम्ही मोकळे आहात. मोकळे म्हणजे कमी आवाजाचे घ्यायला मोकळे! अशा बहुतेक पाइपांत बाहेरची जाड नळी ही नुसती शोभा असते आणि आत सरकवायचा वेगळा मफलर मिळतो. त्यात दोन जाती. एक 'ग्लासपॅक', म्हणजे भोकं पाडलेली सरळ नळी आणि तिच्याभोवती काचेची लोकर. स्वस्त, पण लोकर वरचे तीक्ष्ण सूर खाते आणि खालची घरघर तशीच सोडते. याचं साधं गणित आहे. तासाला ६५ मैलांवर काकांचं इंजिन मिनिटाला २,७५० च्या आसपास फिरतं, म्हणजे प्रत्येक बाजूला सेकंदाला सुमारे ९० ठोके. गरम धुरात ध्वनीचा वेग सेकंदाला ५०० मीटर धरला तर तरंगलांबी येते साडेपाच मीटर. तिच्यापुढे दोन बोटं जाडीची लोकर काय करणार? शिवाय ती लोकर जळत, उडत जाते आणि गाडी दरवर्षी थोडी जास्त ओरडते. इतकी हळूहळू, की मालकाला पत्ता लागत नाही.

दुसरी जात पडद्यांची. आत आडव्या भिंती आणि धुराला वळणं. ही खालच्या सुरांवरही काम करते, पण तिला जागा लागते. म्हणून दाराखाली जेवढी लांबी मिळते तेवढी सगळी वापरणारा मफलर घ्या. अर्ध्या लांबीचा घेऊन पुढे नुसती नळी ठेवणं म्हणजे पावसात अर्धा रेनकोट घालणं.

धातूचं थोडक्यात: एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं फिरणाऱ्या गाडीत ते आतच साठतं. म्हणून स्टेनलेस. आणि आवरण लावल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. ७० अंशांच्या धातूला सेकंदभर पोटरी टेकली तरी भाजते, आणि पाइप त्याहून कितीतरी गरम असतो. गाडीतून उतरणाऱ्या पाहुण्याला पाय लांब टाकायचं शिक्षण नसतं.

शेवटी चाचणी. पैसे देण्याआधी तोच मफलर बसवलेली दुसऱ्या कुणाची तरी गाडी शोधा. मालकाला चालवू द्या. तुम्ही उजवीकडच्या फुटपाथवर उभे राहा, त्याला तिसऱ्या गिअरमध्ये सावकाश जवळून जायला सांगा, आणि शेजारच्या माणसाशी बोलत राहा. वाक्य न तोडता बोलता आलं आणि तरीही तो लंगडा ठेका कानात स्पष्ट वाजला, तर मफलर बरोबर आहे. बोलणं थांबवावं लागलं तर नाही. मीटर नसला तरी ही परीक्षा चुकत नाही. काकांना मी हेच लिहून दिलंय. त्यांची ऑर्डर अजून गेलेली नाही आणि स्कायलाइनच्या मंडळींचे फोन चालू आहेत.

पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्यमंदिरात घसा फोडून 'अरे, आवाज कुणाचा?' ओरडणाऱ्यांत मीही होतो, तेव्हा आवाजाशी माझं वैर आहे असं कुणी समजू नये. पण पडदा वर गेला की आम्ही गप्प बसायचो. रंगमंचावरचा माणूस बोलायला लागलेला असायचा. साठ वर्षांचं इंजिन अजून ठेक्यात बोलतंय. मालकांनी जरा गप्प बसावं. ह.घ्या., पण घ्या.